पेटीत काय आहे?

सातारा-सांगलीकडची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गोदीत हमालीस गेली. पाठीवरच्या पेटीत काय आहे, हे त्यांना कोणी सांगत नसे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट उडाली. तिच्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता, आणि तोही कापसाच्या गाठींसोबत! धोक्याचे लाल निशाण मात्र तिच्यावर नव्हते. आग विझवावयास धावलेले ६६ जवान गेले.

पुढे असला माल विमानांतूनही जाऊ लागला. त्यासाठी विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने १९५६ साली नियमावली काढली. तरीही ३ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालेले मालवाहू विमान बोस्टनला कोसळले व आतील तिघेही दगावले. नायट्रिक ॲसिडच्या बाटल्या लाकडाच्या भुशात बांधलेल्या होत्या! नियम इतके किचकट, की प्रत्यक्ष हात लावणारांस ते ठाऊकच नव्हते, असे चौकशीत आढळले.

भारताने २००३ साली केलेल्या नियमांत पेटी बांधणारा व चढविणारा यांचे शिक्षण आवश्यक ठरविले. आम्ही तर सर्वांत मोलाचे कलम हेच मानतो. रसायनांचे लांबलचक तक्ते जाणकारांनी पाहावेत. पेटीवरची कवटी नि ज्वाळा निरक्षर हमालासही वाचता येते.