अंतराळयानातील हवेचा प्रश्न : 1961 ते 1975

मानवी अंतराळप्रवासाच्या इतिहासात अग्निबाणांचे वर्णन विस्ताराने येते. यात्रिकांनी कोणती हवा श्वासात घ्यावयाची, हा प्रश्न मात्र बहुधा उपेक्षित राहतो. वस्तुतः यानाच्या भिंती, दरवाजा, पोशाख व आतील सामान या साऱ्यांची रचना त्या एका निर्णयाशी निगडित असते. सोव्हिएत संघ व अमेरिका यांनी याबाबत आरंभीच भिन्न मार्ग पत्करले.

12 एप्रिल 1961 रोजी युरी गागारिन ज्या 'व्होस्तोक' यानातून गेले, त्यात नत्रवायू व प्राणवायू यांचे मिश्रण समुद्रसपाटीवरील हवेच्या जवळपास दाबाने भरलेले होते. अमेरिकेच्या 'मर्क्युरी' यानात उड्डाणकाळी दर चौरस इंचास सुमारे 5 पौंड दाबाचा केवळ प्राणवायू असे. श्वसनास तो पुरेसा होता. दाब कमी म्हणून भिंती हलक्या. वायू एकच म्हणून यंत्रणा साधी. शिवाय पोशाखातील अल्प दाबामुळे रक्तात नत्रवायूचे बुडबुडे होण्याची भीती नाही. वजनाचा प्रत्येक पौंड मोलाचा असताना हा युक्तिवाद प्रभावी ठरावा, यात नवल नाही.

'प्राणवायू' या संज्ञेत जीवनाचा निर्देश आहे, ज्वलनाचा नाही. परंतु दोन्ही कार्ये त्याच वायूची होत. 23 मार्च 1961 रोजी व्हॅलेंटिन बोंदारेंको हे तरुण सोव्हिएत यात्रिक प्राणवायूचे प्रमाण वाढविलेल्या चाचणीकोठडीत लागलेल्या आगीमुळे मृत्यू पावले. ही घटना 1980 नंतरच्या दशकापर्यंत गुप्त ठेवण्यात आली. तथापि केवळ या गुप्ततेस दोष देता येत नाही; अमेरिकेतील चाचणीकोठड्यांतही 1962 साली अशा आगी लागल्या होत्या. परंतु 'मर्क्युरी'ची 6 व 'जेमिनी'ची 10 समानव उड्डाणे आगीवाचून पार पडली आणि या यशाने सावधगिरी शिथिल झाली.

27 जानेवारी 1967 रोजी 'अपोलो' यानाची चाचणी उड्डाणमंचावरच चालू होती. बाहेरील हवा आत शिरू नये म्हणून कोठडीत दर चौरस इंचास 16 पौंडांहून अधिक दाबाचा शुद्ध प्राणवायू भरला होता. म्हणजे उड्डाणातील दाबाच्या तिपटीहून अधिक. आत नायलॉनची जाळी व इतर ज्वालाग्राही सामान होते. आग भडकताच आतील दाब वाढला आणि आतल्या बाजूस उघडणारा दरवाजा त्या दाबामुळेच उघडेना. व्हर्जिल ग्रिसम, एडवर्ड व्हाइट व रॉजर चॅफी हे तिघे प्राणास मुकले. त्यानंतर उड्डाणमंचावर 60 टक्के प्राणवायू व 40 टक्के नत्रवायू वापरण्यात येऊ लागला, दरवाजा बाहेर उघडणारा झाला आणि ज्वालाग्राही सामान बव्हंशी काढून टाकण्यात आले.

मिश्र हवेचा सोव्हिएत मार्ग तेवढ्याने निर्धोक ठरत नाही. 30 जून 1971 रोजी 'सोयूझ 11' परत येत असता एक झडप अवेळी उघडून हवा निघून गेली. दोब्रोवोल्स्की, व्होल्कोव्ह व पात्सायेव्ह या तिघांच्या अंगावर दाबपोशाख नव्हते. कारण पोशाखांसह तिघांना पुरेल एवढी जागाच यानात नव्हती. तिघेही मृत्यू पावले. पुढे दाबपोशाख आवश्यक ठरले व कित्येक वर्षे त्या यानातून दोघेच जात.

जुलै 1975 मध्ये 'अपोलो' व 'सोयूझ' अंतराळात जोडली गेली, तेव्हा यात्रिकांनी परस्परांची भाषा शिकून घेतली होती. हवेतील भेद मात्र शिकण्याने मिटणारा नव्हता. त्यासाठी मधे स्वतंत्र जोडकोठडी बसवावी लागली व 'सोयूझ'मधील दाबही उतरवावा लागला. 1981 पासूनच्या अमेरिकन 'शटल' यानांत समुद्रसपाटीसारखी हवा आली. 2000 सालापासून वसलेल्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातही तीच आहे.

एका राष्ट्राने वजनाची काटकसर वायूत केली, दुसऱ्याने जागेची काटकसर पोशाखात केली. आणि ज्या ठिकाणी काटकसर झाली, नेमक्या त्याच ठिकाणी माणसे गमावली. दोन्ही प्रसंगी धोका अज्ञात नव्हता. तो परिचित झाला होता, एवढेच.