गदका : बिनधारेच्या तरवारीचा इतिहास

आपल्या आखाड्यांतून शिकविला जाणारा फरी-गदका म्हणजे निःशस्त्र झालेल्या समाजाचा केविलवाणा खेळ होय, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला, घरोघरच्या तरवारी गेल्या, आणि हातीं उरलेल्या वेताच्या छडीलाच तरवार मानून आम्ही समाधान करून घेतलें, असा या समजाचा आशय. तो ऐकावयास करुण आहे. परंतु इतिहासाला धरून नाहीं. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालची, म्हणजे या कायद्याच्या एकवीस वर्षें आधींची. तींत फरी, गदगा, बोथाटी हे शब्द आढळतात. तरवार भिंतीवर लटकत होती त्या काळींहि शिकाऊ पोराच्या हातांत गदकाच दिला जाई. कारण अगदीं साधें आहे. पहिल्याच दिवशीं ज्याचें मनगट कापलें जाईल तो दुसऱ्या दिवशीं आखाड्यांत येणार नाहीं. आणि पात्यावर पातें आपटल्यानें चांगल्या तरवारीची धार दंतुर होते, हा तोटा निराळाच.

गदका म्हणजे कातडें मढविलेली वेताची छडी आणि फरी म्हणजे डाव्या हातांतील लहानशी चामडी ढाल. बोथाटीची योजना तर याहून चतुराईची. भाल्याच्या टोंकाशीं लाकडी गोळा, त्यावर कापडाचें वेष्टन, आणि तें रंगांत भिजविलेलें. वार कोठें लागला तें अंगरख्यावरच उमटे, मग वादाला जागा नाहीं. ज्यानें कोणीं ही युक्ति काढली त्याला भांडकुदळ शिष्यांचा पुरा अनुभव असला पाहिजे.

छडी वेताचीच कां, वेळूची कां नाहीं, असें कोणी विचारील. आमच्या खानदेशाला सातपुडा जवळ. तेथला भरीव वेळू लाठीसाठीं प्रसिद्धच आहे. पण वेळू फुटला म्हणजे त्याच्या धारदार चिंबा निघतात आणि त्या डोळ्याला घातक. वेत आंतून भरीव, तंतुमय व लवचिक. तो झिजतो, कुंचल्यासारखा पिंजतो, पण त्याची सुरी होत नाहीं. जपानांतील सरावाची 'शिनाई' वेळूच्या चार पट्ट्यांची केलेली असते. म्हणून ते लोक चेहऱ्यावर जाळीचें शिरस्त्राण घालतात आणि प्रत्येक खेळापूर्वीं पट्ट्या तपासतात. आम्ही वेत घेतला आणि शिरस्त्राण टाळलें. यांत काटकसर किती व शहाणपण किती, हें सांगणें कठीण आहे.

खरा वादाचा मुद्दा वजनाचा. रोमन ग्रंथकार वेजेशियस सांगतो कीं, जुन्या काळीं नव्या शिपायांना खऱ्याच्या दुप्पट वजनाची लांकडी तरवार देत असत. म्हणजे पुढें रणांत खरी तरवार हलकी वाटावी. जपानी नियमांचा रोंख पाहिला तर आणखी गंमत दिसते. प्रौढ पुरुषाची शिनाई ५१० ग्रॅमहून हलकी असतां कामा नये व स्त्रीची ४४० ग्रॅमहून. लांबीची कमाल मर्यादा पुरुषाकरितां १२० सेंटिमीटर. वजनाची किमान मर्यादा कायद्यानें कां घालावी लागली? चढाओढींत हलकें हत्यार जिंकतें म्हणून. चपळाईच्या लोभानें खेळाडू तें इतकें हलकें करीत जातात कीं, तें ज्या तरवारीचें प्रतीक तिच्याशीं त्याचा संबंधच उरत नाहीं. खरी तरवार किलोच्या आसपास भरते. गदक्यावर जे मनगट नाचतें तें तरवार हातीं येतांच नाचेनासें होतें, हा आक्षेप म्हणूनच खोटा नाहीं. मात्र आमच्या आखाड्यांत याला उतारा होता. मुद्गल व करेल यांनीं खांदा आणि मनगट भरावें, आणि गदक्यानें नजर व वेळ साधावी, अशी कामाची वांटणी होती. रोमनांनीं दोन्ही गुण एकाच लांकडांत कोंबले. आम्ही ते दोन साधनांत विभागले. माझ्या मतें लहान मुलांच्या सांध्यांना आमचीच रीत मानवणारी आहे. पण आज गदका राहिला आणि मुद्गल अडगळींत गेला, त्यामुळें रीत अर्धीच उरली.

जपानांतहि तरवार कायद्यानेंच घरांत शिरली. तेथें १८७६ सालीं सामुराईंना तरवार बाळगून हिंडण्याची बंदी झाली. येथें दोन वर्षांनीं हत्यारांचा कायदा. फरक इतकाच कीं, तेथें तो हुकूम स्वकीय सरकारचा होता. येथें परक्यांचा, आणि गोऱ्यांना त्यांतून सूट होती. खानदेशाला ही गोष्ट नवी नव्हती. १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८२५ त आउटरमनें धरणगांवीं भिल्लांची पलटण उभारली, म्हणजे तिरकमठा बाळगणाऱ्यांनाच कवाईत शिकवून सरकारी बंदूक दिली. तरी १८५८ च्या एप्रिलांत सातपुड्यांतील अंबापाणी येथें खाज्या नाइकाच्या भिल्लांशीं इंग्रजांना लढावें लागलेंच. अशा मुलखांत हत्यारांवर नजर कडक असणार हें उघड आहे. पुढें स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ सालीं झाला. त्यांत हत्याराच्या व्याख्येंतून लाठी व साधी हातकाठी नांव घेऊन वगळली आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं जपाननें आपला बंदूक-तरवारींचा कायदा केला. पोलादी पात्यावर निर्बंध असल्यामुळें तेथील विद्यार्थी म्यानांतून तरवार उपसण्याचा सराव जस्त व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूच्या, धार नसलेल्या 'इआइतो'वर करतात. ती फक्त उपसावयाची आणि हवेंत फिरवावयाची. आघात करावयाची नव्हे, कारण तो धातु ठिसूळ.

जळगांव-धुळ्यासारख्या शहरांत आतां कराट्याचे वर्ग आहेत, आणि मुलाच्या हट्टापायीं कसली तरवार घ्यावी असें पालक विचारतात. सत्कारांत दिल्या जाणाऱ्या चकचकीत तरवारींना धार नसते म्हणून त्या निर्धोक, असें मानणें फार धोक्याचें. त्यांतील पुष्कळांचें पातें मुठींत बारीकशा सळईनें डकविलेलें असतें. जोरानें फिरवितांच तें सुटून समोरच्याच्या छातीवर जातें. बोथटपणापेक्षां मुठीचा सांधा पाहावा. त्याहून वेताची छडी बरी : उंचीला बेताची, शंभरदां फिरविल्यावरहि खांदा उचलून धरावा लागणार नाहीं इतकी हलकी, आणि तरीहि हातांत आहे हें विसरावयास न लावणारी.

पंजाबांत हीच विद्या 'गतका' या नांवानें निहंगांनीं सांभाळली आणि २०२२ सालीं हरियाणांत भरलेल्या 'खेलो इंडिया' युवक स्पर्धांत तिला जागा मिळाली. आपल्या गदक्याचेंच तें नांव. आणि तेथील खेळाडूंच्या डाव्या हातांतील ढालीला ते लोक अजून फरीच म्हणतात.