हिल्सबरोची सभा आणि उमर इब्न सईद

जुलै १७८८. उत्तर कॅरोलायनातील हिल्सबरो गावी प्रतिनिधींची सभा भरली होती. आदल्या वर्षी १७ सप्टेंबरला फिलाडेल्फियात ३९ जणांनी सह्या केलेली राज्यघटना स्वीकारायची की नाही, हा सभेपुढचा प्रश्न होता. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने काहीजण अस्वस्थ झाले होते. सरकारी पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. मग उद्या एखादा मुसलमान राष्ट्राध्यक्ष झाला तर? हेन्री ॲबट या पाद्री प्रतिनिधीने लोकांच्या मनातली धास्ती बोलून दाखवली.

जेम्स आयर्डेल यांनी उत्तर दिले. कोणत्याही एका गटाला वगळले की ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण झगडतो त्याचे मूळच उखडते, हा त्यांचा मुद्दा. लोक असा माणूस सहसा निवडणार नाहीत, असा दिलासाही त्यांनी दिला. पण कायद्याने दार बंद करायला ते राजी नव्हते.

हा विचार एकट्या आयर्डेल यांचा नव्हता. थॉमस जेफर्सन यांनी कायद्याचा अभ्यास करीत असताना, १७६५ मध्ये, जॉर्ज सेल यांनी केलेला कुरआनचा इंग्रजी अनुवाद विकत घेतला होता. व्हर्जिनियाचा १७८६ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्यांनीच लिहिला. या कायद्याचे छत्र ज्यू, मुसलमान आणि हिंदूंवरही आहे, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. आपल्या शेजारी नसलेल्या माणसाचाही हक्क लिहून ठेवणे, ही मोठीच गोष्ट म्हणायला हवी.

पण मुसलमान खरोखरच तिथे नव्हता का? होता. फक्त तो सभेत नव्हता, शेतात राबत होता. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांत कितीतरी मुसलमान होते. त्यांतलेच एक उमर इब्न सईद. आजच्या सेनेगलच्या प्रदेशात मदरशात शिकलेला हा आलिम १८०७ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरात विकला गेला. मालकाच्या जाचाला कंटाळून ते पळाले आणि उत्तर कॅरोलायनात पकडले गेले. १८३१ मध्ये त्यांनी अरबीत आत्मवृत्त लिहिले. बाप्तिस्मा झालेल्या या माणसाच्या आत्मवृत्ताची सुरुवात सूरह अल्-मुल्कने होते. खरी सत्ता अल्लाहच्या हाती, असे सांगणारी ही सूरह! ज्या राज्यात मुसलमान राष्ट्राध्यक्ष होण्याची चर्चा झाली, त्याच राज्यात हा आलिम गुलामीतच मरण पावला.

घटनेने पदाचे दार उघडले, पण नागरिक कोण, हे सांगितले नव्हते. १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसाला नागरिकत्व देऊ केले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसांना नागरिकत्वच नाकारले. यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने देशात जन्मलेल्याला नागरिक मानले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे आपल्याला ठाऊकच आहे. तरीही १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना ते गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले गेले. भारतीयांसाठी ते दार उघडायला १९४६ साल उजाडले.

जानेवारी २००७ मध्ये कीथ एलिसन हे आफ्रिकी-अमेरिकी मुसलमान काँग्रेसचे सदस्य झाले. शपथविधीच्या समारंभात त्यांनी हात ठेवला तो जेफर्सन यांच्याच कुरआनवर. त्याही वेळी आक्षेप घेतले गेले. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशामुळे जन्मसिद्ध नागरिकत्वाचा वाद पुन्हा न्यायालयात गेला.

घटनेतले शब्द स्वतःहून कोणाला इन्साफ देत नाहीत. पण ते लिहिलेले असतील, तर दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला बोट ठेवून विचारता येते : यात माझे नाव का नाही? उमर इब्न सईद यांना तेवढे विचारण्याचाही हक्क नव्हता. ज्यांना तो आहे, त्यांनी तो वापरायला हवा.