अभक्ष्य

मी बल्लारपूरच्या एका शाळेत सातवीत होतो, त्या वर्षी आमच्या वर्गात अहेरीकडचा एक माडिया मुलगा आला. साल १९६४. त्याचा मामा कागदगिरणीसाठी बांबू तोडणाऱ्या टोळीत होता आणि मामाच्याच झोपडीत तो राहत असे. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडून झाडाखाली कोंडाळे करून बसत असू. हा मात्र मागल्या भिंतीकडे तोंड करून पळसाच्या पानातले काहीतरी भराभर खाऊन टाकी. एके दिवशी मी पाठीमागून डोकावलो. भातावर भाजलेल्या मांसाचा एक तुकडा होता आणि त्या तुकड्याला शेपटी होती. शाळा सुटेपर्यंत वर्गभर त्याचे नाव ‘उंदऱ्या’ झाले. ते नाव मी ठेवले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत परत आला नाही.

पुढे मला इतिहासाच्या पुस्तकांचा नाद लागला आणि त्या पुस्तकांत तो उंदीर मला पुन्हा भेटला. भेटला तो भलत्याच ठिकाणी, एका राजाच्या ताटात.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात मोडत होता. राजाने कसे राहावे, काय ल्यावे, काय ऐकावे, काय जेवावे, हे सारे त्यात आहे. आपल्याकडील विद्वान या ग्रंथातील भोजनाचा भाग मोठ्या कौतुकाने उघडतात, कारण त्यात मांडे आहेत, वडे आहेत, इडलीचा पूर्वज आहे. पण पाने उलटताना एक जागा आली की हे कौतुक एकाएकी घाईत येते. त्या जागी उंदीर आहेत. शेतांत आणि नदीकाठी वाढलेले काळे, धष्टपुष्ट उंदीर निवडावे. शेपटीला धरून कढत तेलात घालून त्यांचे केस काढावे. ऊन पाण्याने धुऊन, पोट साफ करून, आवळा व मीठ घालून शिजवावे. नाहीतर लोखंडी सळईला टोचून निखाऱ्यावर भाजावे. पुढे कासवाचीही कृती आहे आणि त्याची चव केळ्यासारखी लागते असे राजा सांगतो! उपासमारीत सापडलेल्या माणसाची ही भाषा नव्हे. चार पदार्थ चाखून पाचव्याबद्दल मत देणाऱ्या रसिकाची ही भाषा आहे.

शास्त्राकडे वळावे, तर तेथेही आपली समजूत फार काळ टिकत नाही. ज्यांना पाच नखे असतात त्या प्राण्यांपैकी पाच खाण्यास हरकत नाही, असा जुना नियम आहे: ससा, साळिंदर, घोरपड, गेंडा आणि कासव. हा नियम धर्मशास्त्रात आहे. रामायणातला वालीही मरतेवेळी रामाला हाच ऐकवतो आणि माझे मांस तुझ्या उपयोगाचे नाही, मग मला का मारलेस, असे विचारतो. त्याहून मौजेची गोष्ट अशी की पतंजलीने व्याकरणाच्या महाभाष्यात हेच उदाहरण घेतले आहे. पाचांना परवानगी दिली की उरलेले वर्ज्य, हे न सांगताही कळते, हा त्याचा मुद्दा. विद्यार्थ्याला जे आधीच ठाऊक असते तेच शिक्षक उदाहरणाला घेतो. म्हणजे त्या काळच्या बटूंना घोरपडीचे भक्ष्य असणे नवे नव्हते. चरक-सुश्रुतांनीही बिळात राहणाऱ्या प्राण्यांचा निराळा वर्ग करून त्यांच्या मांसाचे गुणदोष सांगितले आहेत. आमच्याकडे घोरपडीच्या नावाने किल्ला चढल्याच्या आख्यायिका आहेत आणि त्या नावाचे एक प्रतिष्ठित मराठा घराणे आहे. पण घोरपड खाणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फाटक्या कपड्यातला माणूस उभा राहतो.

या पाचांपैकी सशाशी आमच्या मुलखाचे नाते विशेष आहे. गोंड राजांची राजधानी सिरपूरहून बल्लारपूरला आली. वर्धा नदीच्या काठी त्यांचा किल्ला अजून उभा आहे. लहानपणी आम्ही त्याच्या बुरुजावर सीताफळे खात बसत असू. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, त्या झरपट नदीच्या एका डबक्यातल्या पाण्याने गेल्या, अशी कथा आहे. त्याच रानात त्याला कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा दिसला आणि तो ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला होता! राणीने सल्ला दिला की हा ससा जिथून जिथून धावला तिथून कोट घालावा. चांदा शहर, म्हणजे आजचे चंद्रपूर, असे वसले म्हणतात. अखेरीस कुत्र्याने सशाला मारले. पुढे तो ससा रांधला गेला की नाही, याविषयी कथा गप्प आहे.

‘हे जंगलातले लोक काहीही खातात,’ असे आमच्या बल्लारपुरात सर्रास बोलले जाई. मीही बोललो असेन. ते धादांत खोटे आहे. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी गोंडांकडून जी लिंगोची कथा टिपून घेतली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापली. तीत काही गोंड नदी ओलांडताना मगरीच्या पाठीवर बसतात. मध्यावर मगर त्यांना बुडवू लागते आणि कासव त्यांना वाचवते. लिंगो त्यांच्याकडून शपथ घेतो की कासवाशी कधी बेइमानी करणार नाही. ज्यांना आपण सर्वभक्षक म्हणतो त्यांच्या कथेत कासवाचे ऋण मानलेले आहे. ते भाजून त्याची केळ्याशी तुलना करणारा मात्र संस्कृत जाणणारा चक्रवर्ती होता.

गोंडांतही जो वर चढला त्याने वरच्यांची रीत उचलली. कॅप्टन फॉर्सिथचे मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ साली निघाले. त्यात तो लिहितो की काही राजगोंड घराण्यांत सोवळे इतके वाढले आहे की स्वयंपाकाच्या सरपणावरही पाणी शिंपडून घेतात. फॉर्सिथ हे थट्टेने लिहितो. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. ज्याच्या ताटाकडे सतत कोणी डोकावून पाहत असते, तो माणूस लाकडेसुद्धा धुतो.

डॉ. आंबेडकरांनी हे पुरते ओळखले होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडावयास सांगितले. त्यामागे चवीचा किंवा पापपुण्याचा विचार नव्हता. जे अन्न गावाने माणसाच्या पदरी टाकले होते ते त्याने उचलू नये, हा स्वाभिमानाचा विचार होता. पुढे १९४८ साली त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमावर ग्रंथ लिहिला, त्यातही गोमांसाचा प्रश्न मध्यवर्ती आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी आमच्या चांद्यातही दीक्षा दिली. अलीकडे, २०१५ साली, शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाच्या कृतीच लिहून काढल्या. एकाने ते अन्न नाकारून मान ताठ केली, दुसऱ्याने ते छापून. मला यात विरोध दिसत नाही. दोघांनीही झाकण दुसऱ्याच्या हाती ठेवले नाही.

१८७०च्या वेढ्यात पॅरिसच्या लोकांनी उंदीर खाल्ले, मांजरे खाल्ली, प्राणिसंग्रहालयातले दोन हत्तीही खाल्ले. फ्रेंच लोक ते आजही रंगवून सांगतात. पॅरिसकरांना त्यावरून ‘उंदीरखाऊ’ ही जात चिकटली नाही. बिहारात मुसहर या नावाची एक अख्खी जात आहे.

आता कायद्याचेही पाहिले पाहिजे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी ससा, साळिंदर, घोरपड, गेंडा, कासव या पाचांचीही शिकार बंद केली आहे. शास्त्राने मोकळे ठेवलेले पाचही दरवाजे सरकारने लावून घेतले, आणि ते योग्यच झाले. रान उरले नाही तर रानातला माणूसही उरणार नाही. राहिला तो शेतातला उंदीर. धान कापून नेल्यावर बांधीच्या धुऱ्यातली बिळे शोधावयाची, बाकीची तोंडे बुजवावयाची, एकात पेंढ्याचा धूर घालावयाचा आणि दुसऱ्याशी मुलांनी टपून बसावयाचे. उंदीर मिळतो आणि त्याने बिळात साठवलेले धानही मिळते. हा उंदीर धानावर पोसलेला असतो, गटारातला नव्हे. हे मला १९६४ साली ठाऊक असते, तरी मी नाव ठेवलेच असते. मला नाव ठेवावयाचे होते.

काही वर्षांपूर्वी भामरागडच्या पलीकडे एका पाड्यावर जाण्याचा योग आला. पाऊस लागला म्हणून एका घराच्या ओसरीवर थांबलो. आतली म्हातारी चुलीशी होती. मला पाहताच तिने पहिली गोष्ट केली ती ही, की मडक्यावर झाकण ठेवले आणि झाकणावर हात ठेवून बसली. तिचा नातू कॉलेजात शिकणारा होता, चांगले मराठी बोलत होता. मी त्याला म्हटले, “वास छान येतो आहे. आजींनी काय केले आहे?”

त्याने आत पाहिले. म्हातारी माडियात काही बोलली.

“भाजी आहे सर,” तो म्हणाला. “तुम्हाला चहा करू का?”

मी चहा घेतला. पाऊस तासभर पडत होता. तेवढा वेळ ती झाकणावर हात ठेवून बसली होती, आणि थोडी मला वाढा, असे म्हणावयाचे माझ्याने झाले नाही.