सामायिक भाडेघरांचा परवाना (इंग्लंड)

वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं एकाच घरात खोल्या भाड्याने घेऊन राहतात आणि स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामायिक वापरतात, अशा घराला इंग्लंडमध्ये ‘एचएमओ’ म्हणतात. राहणारे पाच किंवा अधिक असले, की 2004 च्या गृहनिर्माण कायद्यानुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना सक्तीचा होतो. आधी ही सक्ती तीन किंवा अधिक मजली घरांपुरतीच होती. मजल्यांची अट 1 ऑक्टोबर 2018 रोजी गेली.

त्याच वेळी झोपायच्या खोलीचं किमान मापही ठरलं: एका प्रौढाला 6.51 चौरस मीटर, दोघांना 10.22. छत दीड मीटरपेक्षा खाली उतरतं तिथली जागा मोजायची नाही. माळ्यावर उतरत्या छपराखाली खाट टाकून भाडं उकळणाऱ्यांना हा नियम नेमका अडवतो.

परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. कौन्सिल ठरावीक भागातल्या इतर भाडेघरांनाही तो लागू करू शकते; पूर्व लंडनच्या न्यूहॅमने 2013 मध्ये जवळजवळ सगळ्या खासगी भाडेघरांना केला.

विनापरवाना घर दिलं, तर भाडेकरू न्यायाधिकरणाकडून भरलेलं भाडं परत मिळवू शकतो. कायद्यातली ही सर्वांत मोलाची तरतूद, पण नव्याने शिकायला आलेल्या कित्येकांना ती ठाऊकच नसते. परवान्यांची नोंदवही कौन्सिलकडे कोणालाही पाहता येते.