कोंबड्यांची उतरंड आणि गांधीलमाशांची राणी

शिरवण्यात एखाद्या खिडकीच्या चौकटीला गांधीलमाशांचे कागदी पोळे लोंबताना दिसले, की घरचे लोक आधी झाडू शोधतात. शिक्षकाने मात्र चार पावले दूर उभे राहून पाहावे. एक माशी दुसरीच्या अंगावर धावते, दुसरी अंग चोरते. ही दांडगाई करणारीच राणी, असे आपण लगेच ठरवून टाकतो.

नॉर्वेच्या शेल्डेरप-एब्बे यांनी कोंबड्यांमधल्या टोचाटोचीच्या नोंदी ठेवून १९२२ साली त्यांची उतरंड मांडली. पहिली सर्वांना टोचते, शेवटची कोणालाच नाही. कल्पना इतकी पटण्याजोगी होती, की पुढे अनेक प्राण्यांत ती शोधली गेली. पण दिसलेली उतरंड खरी, की योगायोगाने जमलेली?

वर्गात करून पाहा. क, ख, ग या तीन कोंबड्या, जोड्या तीनच. प्रत्येक जोडीत वरचढ कोण, ते नाणेफेकीने ठरवा. शक्यता ८; त्यांपैकी ६ मध्ये चोख उतरंड तयार होते! उरलेल्या दोहोंतच 'क' 'ख'ला, 'ख' 'ग'ला आणि 'ग' पुन्हा 'क'ला दाबते. म्हणजे कोंबड्यांत कसलाही क्रम नसला तरी १०० पैकी ७५ वेळा तो 'सापडणार'. चार कोंबड्यांत हे प्रमाण ३७.५ टक्के, पाचांत सुमारे १२, सहांत जेमतेम २. लँडाऊ यांनी १९५१ मध्ये उतरंडीचे माप दिले होते. योगायोगाचा हा धोका मायकेल ॲपलबी यांनी १९८३ मध्ये 'ॲनिमल बिहेविअर' या नियतकालिकात दाखवून दिला. आज प्राण्यांच्या सोबतीचे अख्खे जाळे तपासताना हीच नाणेफेक संगणक करतो. नोंदी पत्त्यांसारख्या हजारो वेळा पिसायच्या आणि खरे जाळे त्या पिसलेल्या जाळ्यांहून वेगळे दिसते का, ते पाहायचे.

गंमत म्हणजे, त्या नियतकालिकाच्या त्याच खंडात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांचा लेख आहे. विषय रोपालिडिया मार्जिनाटा, दक्षिण भारतात सर्रास आढळणारी गांधीलमाशी. प्रत्येक माशीला रंगाचे वेगळे ठिपके देऊन, सहा प्रकारच्या वागणुकीत तिचा किती वेळ जातो हे त्यांनी नोंदले. प्रत्येक माशीचे सहा आकडे एकदम डोळ्यांपुढे आणणे कठीण. संख्याशास्त्राने त्यांचा गोषवारा काढला, तेव्हा तीन गट पडले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या. अंडी घालणारी राणी भांडणाऱ्यांत नव्हतीच. ती बसून राहणाऱ्यांत होती. तिच्याच प्रजातीतल्या रोपालिडिया सायाथिफॉर्मिसमध्ये मात्र राणी भांडणाऱ्यांत निघाली. मग मार्जिनाटाची राणी न भांडता इतरांना अंडी घालण्यापासून कशी रोखते? त्या प्रश्नाचा माग काढत संशोधन पुढे तिच्या अंगच्या रसायनांपर्यंत गेले.