जलशाचे निनावीपण : 'नाशिक जिल्हा युवक संघा'च्या जलशासंबंधी काही विचार

मराठी शाहिरी वाङ्मयात कवी आपले नाव रचनेच्या शेवटी गुंफतो. या नाममुद्रेमुळेच होनाजी, राम जोशी किंवा आपल्या जिल्ह्यातील वावीचा परशराम यांच्या लावण्या आपण त्या त्या कवीच्या म्हणून ओळखतो. तमाशाचा फडही सामान्यतः फडमालकाच्या नावानेच चालत आला आहे. इ. स. १९३० नंतर नाशिक परिसरात उदयास आलेल्या आंबेडकरी जलशाने मात्र ही रीत मोडली. भीमराव धोंडिबा कर्डक व त्यांचे सहकारी यांनी आपला जलसा एखाद्या उस्तादाच्या नावाने नव्हे, तर 'नाशिक जिल्हा युवक संघ' या संस्थेच्या नावाने उभा केला. या नामांतराचा अर्थ काय आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जलशाची परंपरा याहून जुनी होय. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली व पुढे त्या चळवळीच्या प्रचारासाठी सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा सांगाडा स्वीकारला, परंतु त्यातील शब्दांचे अर्थ बदलले. प्रारंभीच्या गणात गणपती म्हणजे 'गणांचा पती', लोकांचा नायक, असा अर्थ लावण्यात आला. व्युत्पत्तीचा असा शस्त्रासारखा उपयोग भाषाभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावा.

नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो सुमारे पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. कर्डकांचा जलसा या दशकात घडला. कर्डकांचा जन्म १९०४ साली निफाड तालुक्यातील कसबे सुकेणे येथे झाला. म्हणजे ज्या भूमीत लढा चालला होता, त्याच भूमीतला हा माणूस. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंत वृत्तपत्र पोहोचत नव्हते, तेथे जलसा पोहोचत होता. आपल्या दहा सभांची बरोबरी कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार डॉ. आंबेडकरांनी काढल्याची आठवण प्रसिद्धच आहे.

या मंडळींनी 'तमाशा' ऐवजी 'जलसा' हा शब्द पत्करला, हेही अर्थपूर्ण आहे. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले असून दोहोंचे मूळ अरबी आहे. परंतु 'तमाशा'च्या मुळाशी हिंडण्याफिरण्याची व त्यातून मौजेने पाहण्याची कल्पना आहे, तर 'जलसा'च्या मुळाशी बसण्याची, बैठकीची. जे लोक आजवर इतरांच्या पाहण्याचा विषय झाले होते, ते आता बैठक भरवू लागले. आंबेडकरी जलशातून गौळण वगळण्यात आली व नाचणारी स्त्रीही रंगमंचावरून गेली. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली तमाशाची मिळकत डॉ. आंबेडकरांनी नाकारली, अशी हकीकत सांगितली जाते. तिच्यामागेही हीच स्वाभिमानाची दृष्टी दिसते.

सोंगाड्या मात्र राहिला, आणि उपहासाचा सर्व भार त्याच्याकडे आला. बतावणीचे तंत्र भाषिक आहे. प्रतिष्ठिताने एखादा भारदस्त शब्द उच्चारावा आणि सोंगाड्याने भोळेपणाचा आव आणून तो शब्दशः घ्यावा. 'विटाळ' हा शब्द उदाहरणादाखल घेऊ. स्पर्शाने विटाळ होत असेल, तर महाराच्या हातून आलेल्या नाण्याला तो का होत नाही, असे सोंगाड्याने विचारले की हसू पिकते आणि त्या हशात शब्दामागील व्यवहार उघडा पडतो. येथे युक्तिवाद वक्ता करीत नाही. तो श्रोत्याच्या मनात आपोआप पुरा होतो. सभेपेक्षा जलसा प्रभावी ठरला, त्याचे एक कारण हे असावे.

आता नावाच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील 'द रेसिडेंट्स' ही उपहासप्रिय संगीतमंडळी १९७० च्या दशकापासून आपली नावे व चेहरे झाकून कार्यक्रम करीत आली आहे. त्यांचे निनावीपण हा कलात्मक निवडीचा भाग होय. आपल्या जलसेकऱ्यांची स्थिती निराळी. गावगाड्यात अस्पृश्य गणलेल्या माणसाला पूर्ण नावाने क्वचितच हाक मारीत. 'या'कारान्त तुच्छतादर्शक रूपच त्याच्या वाट्यास येई. अशा माणसाने 'जिल्हा', 'युवक' आणि 'संघ' या तीन नव्या, नागरी शब्दांच्या छत्राखाली उभे राहणे म्हणजे नाव लपविणे नव्हे, तर हिणवणाऱ्या हाकेपलीकडचे नाव मिळविणे होय. येथील निनावीपण ही एक सामुदायिक नाममुद्राच होती.

तथापि या निवडीची किंमत पडलीच. मंडळींपैकी कर्डकांचे नाव टिकले, आणि तेही बहुतांशी १९७८ साली त्यांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक निघाल्यामुळे. १९५६ च्या धर्मांतरानंतर जलसा मागे पडत गेला. त्याची जागा गायनपार्ट्यांनी घेतली आणि गायकाचे नाव पुन्हा अग्रभागी आले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गीतांतून तर 'वामन' ही नाममुद्रा जुन्या शाहिरी थाटात परतली. ज्याचे नाव गीतात राहिले त्याचे गीत त्याच्या नावे नोंदले गेले. ज्याने ते संघाला अर्पण केले, त्याच्या ओळी लोकांच्या ओठांवर राहिल्या, पण तो राहिला नाही.

वाङ्मयेतिहासाची आपली पद्धती कर्त्यापासून आरंभ करते, त्यामुळे कर्ता नसलेली रचना तिच्या कक्षेबाहेर पडते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला ओढूनताणून कवी शोधणे नव्हे. संघ हाच कर्ता मानून त्याची भाषा, त्याचे श्रोते आणि त्याची गावे यांचा अभ्यास व्हावा. निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवले या तालुक्यांतील घरोघरी जुन्या वह्यांतून आणि वृद्धांच्या स्मरणातून या रचनांचे जे अवशेष असतील, ते त्यांच्या बोलीच्या उच्चारांसह टिपून घेणे हे आपल्या विद्यार्थ्यांचे काम आहे. या कामाला मुदत आहे, आणि ती आपल्या हाती नाही.